बॅटरी बदलली? आता काचांना त्यांची हद्द शिकवा

गाडीला नवी बॅटरी बसली, सेल मारताच इंजिन सुरू झालं, दिवे आणि हॉर्न चालले, की काम संपलं असं आपण धरतो. मग सोसायटीच्या फाटकाशी काच खाली घेतली जाते, वॉचमनशी दोन शब्द होतात आणि काच वर घ्यायला बटण नेहमीसारखं एकदा ओढून सोडलं, तर ती जिथल्या तिथे थांबते. बटण धरून ठेवलं तरच वर जाते. काही गाड्यांत काच बोटभर सरकून थांबते, पुन्हा ओढलं की पुन्हा बोटभर. काहींत ती पार वरपर्यंत जाऊन टेकते आणि लगेच आपोआप खाली उतरते. पावसाचे दिवस असले तर जीव कासावीस होतो. एखाद्या गॅरेजमध्ये ‘मोटर गेली’ असं निदानही ऐकायला मिळतं आणि खर्चाचा आकडा सांगितला जातो.

बॅटरी काढण्याआधी काच नीट चालत होती आणि जोडल्यावर बिघडली, तर बहुधा मोटर गेलेली नसते. काच आपली जागा विसरलेली असते, एवढंच. ती जागा तिला पुन्हा शिकवायला ना पाना लागतो, ना स्क्रू ड्रायव्हर, ना मेकॅनिक. चारही काचांना मिळून पाच मिनिटं पुरतात. पण ही पाच मिनिटं टाळू नका असं आग्रहाने सांगायला हा लेख लिहितो आहे, कारण हा प्रश्न फक्त सोयीचा नाही.

आधी काच विसरते म्हणजे काय, ते पाहू. एका झटक्यात वर जाणाऱ्या, म्हणजे ‘ऑटो अप’ असणाऱ्या काचेच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या दांड्यावर एक छोटं चुंबक असतं आणि शेजारी हॉल सेन्सर. चुंबकीय क्षेत्राचा विद्युतप्रवाहावर होणारा जो परिणाम एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1879 मध्ये शोधला, त्यावरच हा सेन्सर चालतो. मोटरचा दांडा फिरला की सेन्सरकडून ठोके निघतात आणि दारातला किंवा मोटरलाच चिकटलेला छोटा कंट्रोलर ते मोजतो. काच पूर्ण बंद असताना शून्य, तिथून खाली इतके ठोके, म्हणजे काच इथे. त्याला काच दिसत नाही. अंधारात जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरणाऱ्या माणसासारखा तो केवळ मोजणीवर चालतो. बॅटरीची तार सुटली की अनेक गाड्यांत ही मोजणी पुसली जाते. तार पुन्हा जोडल्यावर मोटर फिरू शकते, पण शून्य कुठे हे कंट्रोलरला ठाऊक नसतं, म्हणून तो एका झटक्यात काच वर नेण्याची जोखीम घेत नाही. काही गाड्यांत ही माहिती वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत राहते. तुमची काच बॅटरी बदलल्यावरही आधीसारखीच चालत असेल, तर तुमची गाडी त्यातली समजा.

हीच मोजणी ‘अँटी-पिंच’साठी वापरली जाते. काच वर जाताना मध्येच ठोक्यांचा वेग मंदावला, तर काचेच्या वाटेत काहीतरी आलं आहे असं कंट्रोलर समजतो, मोटर थांबवतो आणि काच उलटी खाली नेतो. काच पूर्ण बंद होतानाही वेग मंदावतो, पण ती जागा शून्याची आहे हे माहीत असल्याने तिथे तो काच उलटवत नाही. युरोप आणि अमेरिकेतल्या नियमांनुसार अशा काचेने वाटेतल्या वस्तूवर 100 न्यूटनपेक्षा जास्त जोर पडण्याआधीच मागे फिरायला हवं. 100 न्यूटन म्हणजे साधारण 10 किलोचं वजन. फट 4 मिलिमीटरपासून 200 मिलिमीटरपर्यंत असताना हे संरक्षण लागू असतं. 200 मिलिमीटर म्हणजे वीतभर. लहान मुलाचं डोकं, मान, हात सगळं त्यात येतं.

आता बॅटरी काढून जोडल्यानंतरची स्थिती पाहा. शून्य हरवलेलं आहे, बटण धरून ठेवलं की काच वर जाते आहे आणि बहुतेक गाड्यांत या अवस्थेत अँटी-पिंच काम करत नाही. मागच्या सीटवर मूल खिडकीतून हात बाहेर काढून बसलं आहे आणि पुढून कोणीतरी एसी लावायचा म्हणून बटण धरून ठेवलं आहे. काच मागे फिरणार नाही. ‘ऑटो नाही तर नाही, धरून ठेवू थोडा वेळ’ म्हणत महिनोन्महिने तशीच गाडी चालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या घरात लहान मुलं असतात, तेव्हा मला राहवत नाही.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, सगळी दारं लावा, मुलांना आणि पाळीव प्राण्यांना बाहेर ठेवा. इंजिन सुरू करा. नुसती चावी ऑन करूनही बऱ्याच गाड्यांत काम होतं, पण इंजिन चालू असताना मोटरला पूर्ण दाब मिळतो. आता चालकाच्या काचेचं बटण दाबून काच पार तळापर्यंत खाली न्या आणि खाली गेल्यावरही बटण दोन-तीन सेकंद दाबूनच ठेवा. मग बटण वर ओढा आणि सोडू नका. काच वर टेकेल, मोटरचा आवाज थांबेल, तरी बोट तिथेच राहू द्या. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. मग सोडा. बहुतेक गाड्यांत एवढ्यावर शून्य पुन्हा नोंदलं जातं, म्हणजेच काच रीसेट होते.

काच वर टेकल्यानंतरचे हे काही सेकंद म्हणजेच खरं काम. लोक चुकतात ते इथे. काच बंद झालेली दिसली की बोट आपोआप सुटतं, कंट्रोलरला ‘हे शेवटचं टोक’ असा निरोप मिळत नाही आणि मग ‘दहा वेळा केलं, होत नाही’ अशी तक्रार येते. वर नेतानाही मध्ये एकदाही बोट उचलू नका. काच थांबत थांबत वर गेली असेल, तर वर पोचल्यावर एकदा पूर्ण खाली नेऊन पुन्हा सलग वर आणा.

कंपनीगणिक बारकावे बदलतात. मारुती सुझुकीच्या ज्या गाड्यांत चालकाच्या काचेला अँटी-पिंच आहे, तिथे काच पूर्ण उघडून मग सलग बंद करायची आणि बंद झाल्यावर बटण 2 सेकंद धरायचं अशी पद्धत आहे. होंडाच्या अनेक गाड्यांतही जवळजवळ हेच. ह्युंदाईत काच बंद करून बटण निदान 1 सेकंद ओढून धरलं की पुरतं. फोक्सवॅगनमध्ये मात्र दोनदा ओढावं लागतं: काच बंद करून बटण किमान 1 सेकंद ओढून धरायचं, सोडायचं आणि लगेच पुन्हा ओढून धरायचं. दुसऱ्यांदा ओढताना काच हलत नाही, म्हणून ती पायरी निरर्थक वाटते आणि गाळली जाते. ती गाळू नका. टोयोटाच्या काही मॉडेल्समध्ये वरच्या टोकाला 6 सेकंद धरायला सांगितलेलं असतं आणि त्यानंतर खालच्या टोकालाही धरावं लागतं. म्हणून गाडीबरोबर आलेलं जाडजूड मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समधून काढा, पॉवर विंडोचं पान उघडा आणि तिथे लिहिलेले सेकंद पाळा. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ते मोफत मिळतं. तुमच्याच मॉडेलचं आणि तुमच्याच वर्षाचं घ्या, कारण एकाच नावाच्या गाडीत पिढी बदलली की पद्धत बदललेली असते.

उरलेल्या काचांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ऑटो अप आणि अँटी-पिंच फक्त चालकाच्या काचेला असतं. बाकीच्या तीन काचा साध्या, बटण धरलं की चालणाऱ्या. त्यांना शिकवण्यासारखं काहीच नसतं. त्याहून स्वस्त मॉडेलमध्ये चालकाची काचही फक्त खाली जातानाच झटक्यात जाते, वर घेताना धरूनच ठेवावी लागते. अशा गाडीत रीसेटची पायरीच नाही, म्हणून बॅटरी बदलण्याआधी तुमची कोणती काच कशी चालते हे पाहून ठेवा. चारही काचा ऑटो असतील तर प्रत्येक काचेला तिच्या स्वतःच्या दारावरच्या बटणावरून शिकवा. चालकाच्या दारावर चारही बटणं असली तरी अनेक गाड्यांत तिथून दुसऱ्या काचेची नोंद होत नाही. मागच्या सीटवर जाऊन बसावं लागलं तरी चालेल. टोयोटाच्या काही गाड्यांत नोंद झालेली नसली की बटणावरचा दिवा लुकलुकत राहतो, ही फार उपयोगी खूण आहे.

झालं की खात्री करा. बटण एकदा पूर्ण दाबून सोडा: काच एका दमात तळाला गेली पाहिजे. एकदा पूर्ण ओढून सोडा: एका दमात वर आली पाहिजे. दोनदा करून पाहा. मग अँटी-पिंच तपासा, पण हाताने कधीही नाही. जाड टॉवेलची घट्ट गुंडाळी करा, काच अर्धी खाली नेऊन ती गुंडाळी वरच्या चौकटीत धरा, तुमची बोटं गाडीबाहेर दूर ठेवा आणि दुसऱ्या कोणाला बटण ओढून सोडायला सांगा. काच गुंडाळीला टेकून मागे फिरली तर सगळं ठीक. दाबतच राहिली तर लगेच बटण खाली दाबायला सांगा आणि रीसेट पुन्हा करा. तरीही फिरली नाही तर गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा. आणखी एक ध्यानात असू द्या: वरच्या शेवटच्या 4 मिलिमीटरच्या फटीत संरक्षणाची खात्री नसते, म्हणजे बारीक बोटाचं टोक तिथे सुरक्षित नसतं. शिवाय काच मागे फिरल्यावरही बटण ओढूनच धरलं, तर काही गाड्यांत ती पुढच्या वेळी न थांबता बंद होते, कारण बर्फ किंवा घाण अडकलेली काच जबरदस्तीने बंद करता यावी अशी ती सोय आहे.

आता रीसेट जमलंच नाही तर. आधी बॅटरीचाच विचार करा. पूर्ण चार्ज बॅटरी इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना 13.5 ते 14.5. जंपर केबलने सुरू केलेल्या गाडीत बॅटरी अजून कमकुवत असते, काच अडखळत चढते आणि कंट्रोलरला तो अडथळा वाटतो. अर्धा-पाऊण तास गाडी चालवून मग प्रयत्न करा. दुसरं कारण काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिचं. धूळ, पावसात उडालेली वाळू आणि उन्हाने ताठलेलं रबर यांमुळे काच मध्येच घट्ट चालते. आधी काच जुन्या सवयीने चालत होती, आता नव्याने शिकताना ती तिथेच अडखळते. ओल्या कापडाने खाच पुसा, सुकू द्या आणि सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस, खोबरेल तेल किंवा इंजिन ऑइल लावू नका. रबर फुगतं आणि धूळ आणखी चिकटते. तिसरं, वारंवार खालीवर केल्याने मोटर तापली की ती स्वतःहून बंद पडते. तिला दहा-पंधरा मिनिटं विसावा द्या.

काच अजिबातच हलत नसेल, तर प्रश्न रीसेटचा नाही. मागच्या काचा बंद पाडणारं लॉकचं बटण चालकाच्या दारावर असतं, ते चुकून दाबलं गेलं आहे का हे पाहा. बॅटरी बदलताना कोपर लागून हे सहज घडतं. ते ठीक असेल तर फ्यूज पाहा. मोटरचा आवाज येतो पण काच तिरकी होते किंवा जागेवर राहते, तर आतली केबल किंवा पट्टी तुटली आहे आणि ते काम मेकॅनिकचंच. पाऊस सुरू असेल आणि काच उघडीच अडकली असेल, तर दोन तळव्यांनी काच आतून-बाहेरून पकडून वर ढकला आणि त्याच वेळी कोणाला तरी बटण ओढायला सांगा. बरेचदा ती घरी पोचण्याइतकी वर येते. ढकलणाऱ्याने बोटं काचेच्या वरच्या कडेवर ठेवायची नाहीत.

बाहेरून बसवलेल्या यंत्रणेबद्दल दोन शब्द. अॅक्सेसरीच्या दुकानात गाडी लॉक केली की काचा आपोआप चढवणारं मॉड्यूल मिळतं, आणि जुन्या गाड्यांना पॉवर विंडोचं किटही. त्यातल्या स्वस्त प्रकारांत काच कुठे आहे हे मोजलंच जात नाही. ठरावीक सेकंद करंट दिला जातो आणि काच वर जाते. त्यात अँटी-पिंच नसतं. बॅटरी काढण्या-जोडण्याशी या मॉड्यूलचा संबंध नसला, तरी घरात मुलं असतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे: ते काढून टाका.

तार काढण्याच्या वेळीच थोडी काळजी घेतली तर पुढचा त्रास बराच वाचतो. इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबा, म्हणजे गाडीतले संगणक झोपी जातात. काढताना निगेटिव्ह तार आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, कारण गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. ती तार जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडते आणि पाना तापून लाल होऊ शकतो. बहुतेक टर्मिनलला दहा नंबरचा पाना लागतो. चावी खिशात ठेवा आणि चालकाची काच अर्धी उघडी ठेवा, म्हणजे वीज जोडताना दारं आपोआप लॉक झाली तरी अडकायला होत नाही. ज्या गाड्यांत बॅटरी डिकीत असते, तिथे काम संपेपर्यंत डिकी लावू नका. बऱ्याच गाड्यांत विजेशिवाय ती उघडत नाही.

मिनी कूपर किंवा मस्टंगसारख्या, दाराला काचेची चौकट नसलेल्या गाड्यांत आणखी जपावं लागतं. तिथे दार उघडताना काच आपोआप थोडी खाली येते आणि लावल्यावर वर जाऊन रबरात शिरते. बॅटरी नसताना ती खाली येत नाही. दार जोरात लावलं तर काचेची कड छताच्या रबरावर आदळते. म्हणून बॅटरी काढण्याआधीच दोन्ही काचा थोड्या खाली घेऊन ठेवा. रीसेट होईपर्यंत या गाडीचं दार हळूच लावा.

पुण्या-मुंबईतले अनेक ज्येष्ठ नागरिक मुलांकडे अमेरिकेला किंवा दुबईला चार-सहा महिने जातात आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहते. बंद गाडीतही अलार्म, रिमोट आणि घड्याळ थोडी वीज खातात. ती 50 मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास, म्हणजे 45 अँपिअर-तासांची बॅटरी पाच-सहा आठवड्यांत पार रिकामी होते. गाडी सुरू न होण्याची वेळ त्याहून बरीच आधी येते. म्हणून निगेटिव्ह तार काढून ठेवणं योग्यच. फक्त सगळ्या काचा आधी पूर्ण बंद करा, कारण नंतर बंद करता येणार नाहीत. तार काढल्यावर रिमोट चालत नाही, म्हणून रिमोटमध्ये दडलेली धातूची चावी कशी काढायची आणि चालकाच्या दारावरचं चावीचं भोक कुठे आहे हे जाण्याआधी करून पाहा. परतल्यावर तार जोडली की काचा शिकवणं आलंच. ते काम शेजारच्या तरुणाकडे सोपवणार असाल, तर मॅन्युअलचं ते पान मोबाइलवर फोटो काढून पाठवा.

काचांबरोबर इतरही गोष्टी विसरल्या जातात. सनरूफ असेल तर त्यालाही अशीच शिकवणी लागते आणि तिची पद्धत वेगळी असते, मॅन्युअलच पाहा. स्थिरता नियंत्रणाचा पिवळा दिवा पेटला तर घाबरू नका, थोडं अंतर गाडी चालवल्यावर किंवा स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवल्यावर तो बहुधा विझतो. घड्याळ लावून घ्या. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय काही तास किंवा रात्रभर चालू होणार नाही, ते अपेक्षित आहे.

बॅटरीच्या दुकानात काम झालं की पैसे देण्याआधी गाडीत बसा, ऑटो असलेली प्रत्येक काच एकदा खाली आणि एकदा वर झटक्यात घेऊन पाहा. नीट चालत नसेल तर तिथेच, मेकॅनिक समोर असतानाच, बटण धरून पाच मोजा. गाडीत लहान मुलं बसणार असतील, तर हे झाल्याशिवाय गाडी दुकानातून हलवू नका.